थोरलीचं जड चाक

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी बोट आहे. जुनी म्हणा, माझी काही हरकत नाही. पण म्हातारी म्हणालात तर मी रुसेन हं! त्या एका शब्दाने आमच्याकडे जो घोळ घातला, तो तुम्हाला सांगावा म्हणून तर आज मी तोंड उघडलं आहे. आत्ता दुपारची सुट्टी आहे. दोन्ही इंजिनं थंड आहेत, दोर धक्क्याला बांधलेला आहे, पुढच्या फेरीला अजून वेळ आहे. तेव्हा या, बसा. पाय पुसून या मात्र, नाहीतर काका रागावतील.

माझं काम सोपं आहे. अलीकडच्या धक्क्यावरची माणसं पलीकडे न्यायची आणि पलीकडची अलीकडे आणायची. आमची नदी चांगली रुंद आहे. मधोमध वाळूचं एक बेट आहे, ते पाण्याखाली लपून बसतं आणि वरून दिसत नाही. त्याला वळसा घालून जावं लागतं. आधी उजवीकडे वळायचं, मग लगेच डावीकडे. तेवढं जमलं की पुढचा रस्ता सरळ. माझ्यानंतर या धक्क्यावर लहान-लहान मोटारबोटी आल्या, तेव्हापासून लोक मला थोरली म्हणायला लागले. मला ते नाव फार आवडतं.

माझा जन्म नदीकाठच्या एका उंच छपराखाली झाला. तिथला सुतार तोंडात खिळे धरून बोलायचा, त्यामुळे त्याचं अर्धं बोलणं कुणालाच कळायचं नाही. त्याने जाड फळ्या वाफेवर मऊ केल्या आणि अशा अलगद वाकवल्या की मला जराही दुखलं नाही. फटी भरल्या, रंधा मारला, रंग दिला. शेवटी त्याने माझ्या मागच्या बाजूला, पाण्याखाली राहतील अशी दोन सुकाणू बसवली. सुकाणू म्हणजे काय, ठाऊक आहे ना? दाराच्या फळीसारखी एक फळी असते, ती पाण्यात डावी-उजवीकडे फिरते आणि बोटीला वळवते. बहुतेक बोटींना एकच असतं. मला दोन! आता तुम्ही म्हणाल, ही बाई मिरवते आहे. मिरवते तर मिरवते. दोन सुकाणू असलेली दुसरी बोट या धक्क्यावर दाखवा पाहू.

पहिल्यांदा पाण्यात उतरले तेव्हा मात्र माझी चांगलीच भंबेरी उडाली होती. मला वाटलं, संपलं, आता मी बुडते! डोळे मिटून घेतले असते, पण मला डोळेच नाहीत. थोड्या वेळाने पाहते तर काय, मी मजेत तरंगते आहे आणि काठावरची सगळी माणसं टाळ्या वाजवत आहेत. त्या दिवसापासून पाण्याशी माझी जी गट्टी जमली, ती आजतागायत.

त्या गर्दीत एक तरुण जोडपं होतं. तो तरुण म्हणजे आमचे काका. त्यांनीच मला बांधून घेतलं होतं. ते आधी आत चढले, गुडघे टेकून माझ्या तळाशी हात फिरवला आणि म्हणाले, "कोरडी खडखडीत आहे!" मग काकू चढल्या. त्यांनी सगळी बाकं पाहिली, मागच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ही माझी जागा." झालं. तेव्हापासून तो कोपरा त्यांचा. तिथे बसून त्या तिकिटं देतात, दोर सांभाळतात, आणि सगळ्या गावाची खबरबात घेतात.

काका पुढे, काचेच्या छोट्या खोलीत, चाक धरून उभे राहतात. चाक फिरवलं की साखळी ओढली जाते, साखळीने लांब सळया ओढल्या जातात, आणि त्या सळया मागे जाऊन दोन्ही सुकाणूंच्या माना फिरवतात. काकांचं ते चाक म्हणजे काकांचा जीव. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. तो कुणी केला नव्हता, पण सगळे पाळत होते. मिस्त्री माझी इंजिनं उघडायचा, साखळीला ग्रीस लावायचा, पण चाक फिरवून बघायचं झालं की बाजूला होऊन म्हणायचा, "काका, जरा फिरवा बरं."

काकांना सगळे हळूकाका म्हणतात. कारण माझ्यात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात, "हळू, हळू." आजीला सांगतात, बाळाला सांगतात, एकदा तर दोन हमाल कपाट घेऊन चढत होते, तेव्हा काकांनी कपाटाला सांगितलं, "हळू रे बाबा." माझ्यात रोज बसणाऱ्या एक परिचारिका आहेत, एक धोबी आहे, गणित शिकवणारे मास्तर आहेत, आणि दप्तरं घेतलेली ढीगभर पोरं आहेत. पोरांना काका फार आवडतात. वळताना काका गुणगुणायचे, आणि काकांचा सूर वर गेला की पोरं म्हणायची, "धरा रे, वळण आलं!"

ती वर्षं फार सुखाची गेली. माझं कौतुक तर काही विचारू नका. "थोरली लोण्यासारखी वळते," असं मास्तर म्हणायचे. मी मनातल्या मनात लाजून चूर व्हायचे.

मित्रांनो, एखादी गोष्ट जड होते ना, ती एका दिवसात होत नाही. एका दिवसात झाली असती तर काका ओरडले असते, मिस्त्री धावत आला असता आणि ही गोष्ट तिथेच संपली असती. पण माझं चाक रोज इतकं थोडं-थोडं जड होत गेलं की काल आणि आज यांत फरकच कळेना. मला मात्र कळत होतं. मागे, उजव्या बाजूला, कुणीतरी माझ्या सुकाणूची मान घट्ट आवळून धरली आहे, असं वाटायचं. वळायची वेळ आली की उजवं सुकाणू अडायचं. दोन्ही सुकाणू एका आडव्या दांड्याने एकमेकांना जोडलेली आहेत, त्यामुळे एक अडलं की दुसरंही तिथेच थांबणार. मग काकांनी जोर लावायचा, आणि मी कण्हत-कुथत वळायचं.

काकांना काय वाटलं सांगू? त्यांना वाटलं, आपले हात गेले!

साहजिकच आहे म्हणा. चाक तेच, बोट तीच, नदी तीच. मग बदललं काय? आपलं वय. आणि एकदा हे डोक्यात बसल्यावर काका कुणाला सांगतात थोडेच! ते गुपचूप युक्त्या करायला लागले. वळण यायच्या कितीतरी आधीपासूनच चाक ओढायला सुरुवात करायची. पाय रोवून सगळं अंग चाकावर टाकायचं. कुणी पाहिलं तर खिडकी पुसल्यासारखं करायचं. हळूहळू त्यांचं गुणगुणणं बंद झालं. पोरांना वळण कधी आलं ते कळेना, दप्तरं घरंगळायला लागली.

घरी काय चालत असेल ते मला काकूंच्या बोलण्यावरून कळायचं. दुपारच्या सुट्टीत त्या काकांचे खांदे तेलाने चोळायच्या. "अहो, आज चार घास जास्त खा. अंगात ताकद नको का?" मग काका जास्त खायचे. ताकद काही येईना, पोट मात्र आलं. एकदा धोब्याचं कपड्यांचं भलंमोठं बोचकं धक्क्यावर अडकलं होतं. काकांनी ते एका हाताने उचललं आणि आत ठेवलं. धोब्याने तोंडात बोट घातलं. आणि पाचच मिनिटांनी तेच काका चाकापाशी घामाघूम! मी म्हणत होते, अरे, कुणीतरी विचार करा रे! बोचकं उचलणारा हात चाकाला कसा कमी पडेल? पण कुणाच्या डोक्यात प्रकाश पडेना.

मी ओरडलेही हो. वळताना जोराने कर्र कर्र आवाज करायचे. त्यावर काका काय म्हणाले असतील? काकूंकडे वळून म्हणाले, "बघ, हिचीसुद्धा हाडं वाजायला लागली. आपण दोघं बरोबरच म्हातारे झालो." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आणि मग तो दिवस आला. शाळा सुटली होती, पोरांनी मी खच्चून भरले होते. वारा एका बाजूने ढकलत होता. काकांनी वाळूच्या बेटाच्या आधीच चाक ओढायला घेतलं, पण चाक अर्ध्यावर येऊन अडलं ते अडलंच. माझं नाक सरळ बेटाकडे! काकांनी एक पाय चाकाच्या आऱ्यावर ठेवला, दात-ओठ खाऊन दाबला, आणि मी कशीबशी वळले. माझा तळ वाळूला किंचित घासला. पोरांना वाटलं काहीतरी गंमत झाली, ती "पुन्हा! पुन्हा!" म्हणून ओरडली. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. परिचारिकाबाईंनी तेवढा तो पाहिला.

पलीकडच्या धक्क्यावर पोरं उतरली. काका काकूंच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "आता पुरे."

"काय पुरे?" काकूंनी विचारलं.

"चाक. माझे हात गेले. आज बोट बेटावर चढली असती तर? एवढी पोरं होती गं. नवा चालक ठेवू. मी घरी बसतो."

काकू गप्प बसल्या. काकू गप्प बसल्या म्हणजे प्रकरण किती गंभीर असेल ते ओळखा. मलाही फार वाईट वाटलं, मित्रांनो. काका घरी बसणार म्हणजे काय? त्यांना घरात बसायची सवयच नाही. काकू घर झाडून होईपर्यंत हे तीनदा बाहेर फेऱ्या मारून येतात. आणि मला दुसऱ्या कुणाचा हात नको होता.

बातमी दोन्ही धक्क्यांवर पसरली. येत्या रविवारी हळूकाकांची शेवटची फेरी, असं ठरलं. मास्तरांनी निरोपाचं भाषण करायचं कबूल केलं. आणि निरोपाच्या दिवशी मी चकचकीत दिसावं म्हणून शनिवारी मला किनाऱ्याच्या उतारावर ओढून पाण्याबाहेर काढलं, घासायला आणि रंगवायला.

त्याच दिवशी काका-काकूंची लेक आली. ती दवाखान्यात काम करते. कुणाचा हात आखडला, कुणाचा गुडघा वाकेना, की तिच्याकडे जातात. ती व्यायाम देऊन त्यांना मोकळं करते. आल्या आल्या तिने पिशवी खाली ठेवली आणि फर्मान सोडलं, "बाबा, शर्टाच्या बाह्या वर करा."

"आता कशाला?"

"करा म्हणते ना. सगळ्या जगाचे हात मी बघते आणि माझ्या बापाचे हात गेले ते मला धोब्याकडून कळतं!"

माझ्या सावलीतच तपासणी सुरू झाली. आधी ती म्हणाली, "हात अगदी सैल सोडा. तुम्ही काही करू नका, मी हलवते." तिने मनगट फिरवलं, मग कोपर, मग खांदा. प्रत्येक सांधा वेगळा. कुठे अडतंय का, कुठे दुखतंय का, ते बघत होती. कुठेच काही नाही. मग म्हणाली, "आता मला ढकला."

"तुला कशी ढकलू?"

"ढकला हो!"

काकांनी ढकललं. लेक घसरत गेली ती थेट रंगाच्या डब्यावर जाऊन बसली. नशीब, झाकण लावलेलं होतं. काकू हसायला लागल्या, किती दिवसांनी हसल्या असतील!

लेक कपडे झटकत उठली. "बाबा, खांदा ठणठणीत. मनगट ठणठणीत. माझ्याकडे येणाऱ्या तरण्याताठ्या माणसांत एवढा जोर नसतो."

"मग चाक का हलत नाही?"

"मला काय विचारता? चाकाला विचारा."

मित्रांनो, माझ्या फळ्याफळ्यांतून आनंदाची शिरशिरी गेली. विचारा, विचारा ना! लेक शिडी चढून वर आली, काचेच्या खोलीत शिरली आणि तिने चाकाला हात घातला. काका खालून ओरडले, "अगं, चाकाला..." पण तोवर उशीर झाला होता.

तिने चाक ओढलं. चाक हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. जेमतेम बोटभर सरकलं.

"बाबा! हे तुम्ही रोज फिरवता?"

"हो."

"दिवसभर?"

"हो. वय झालं म्हणून जरा जड जातं."

"जरा? अहो, हे चाक आहे की खांब? आणि आत्ता तर खाली पाणीसुद्धा नाही. बोट हवेत उभी आहे, तरी हे असं?"

काकू वर आल्या. त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच त्या चाकाला हात लावला. लावला आणि काढून घेतला. "अगं बाई!" एवढंच म्हणाल्या. मग मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने तळहात चोळले, जोर लावला, तोंड टोमॅटोसारखं लाल झालं, आणि तो काकांकडे बघतच राहिला. "काका, तुम्ही माणूस आहात का कोण? हे घेऊन तुम्ही रोज नदी ओलांडत होता?"

काका आपल्या हातांकडे बघत होते, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे असावेत.

मिस्त्री म्हणाला, "साखळी. साखळीच असणार. ग्रीस देतो."

"गेल्या वेळी कुणी दिलं होतं?" काकूंनी विचारलं.

"मीच."

"आणि त्याच्या आधी?"

"तेही मीच," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला.

लेक म्हणाली, "असं एकदम नको. हात आखडला की मी आधी सगळे सांधे वेगवेगळे हलवून बघते. हिचेही सांधे सुटे करता येतील का?"

"का नाही? सळया सुट्या करू," मिस्त्री म्हणाला. त्याला असली कामं म्हणजे मेजवानी. शीळ वाजवतच त्याने मागच्या बाजूच्या फळ्या उचलल्या आणि पाना लावून सुकाणूंना जोडलेल्या सळया काढल्या. आता चाक, साखळी आणि सळया एका बाजूला, सुकाणू दुसऱ्या बाजूला. "फिरवा काका!"

काकांनी सवयीने पाय रोवले, अंग झोकून चाक ओढलं, आणि चाक असं काही गरगर फिरलं की काका खिडकीवर आपटता-आपटता वाचले!

"चाक मोकळं, साखळी मोकळी," लेक बोटांवर मोजत म्हणाली. "म्हणजे दुखणं मागे आहे."

मग दोन्ही सुकाणूंना जोडणारा आडवा दांडाही काढला. लेक खाली उतरली आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिने डावं सुकाणू हाताने ढकललं. ते झोपाळ्यासारखं गेलं आणि आलं. मग उजवं. ढकललं, ओढलं, खांदा लावला. ढिम्म हलेना.

"सापडलं!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की धक्क्यावरचे लोक उठून बघायला लागले. मी तर तेच सांगत होते ना, इतके दिवस कर्र कर्र करून!

मिस्त्री आत वाकला. सुकाणूचा खांब माझ्या तळातून वर येतो, तिथून पाणी आत शिरू नये म्हणून त्याच्याभोवती ग्रीस लावलेली जाड दोरी गुंडाळलेली असते आणि तिच्यावर एक मोठा नट असतो. नट आवळला की दोरी खांबाला घट्ट बसते. मिस्त्रीने डाव्या नटाला हात लावला, मग उजव्याला. उजव्या नटावर पान्याचे ओरखडेच ओरखडे होते.

"हा नट कुणी एवढा आवळला? दोरी पिळून निघाली असेल हो. तिने खांबाची मानगूट धरली आहे."

काका हळूच म्हणाले, "मी."

"तुम्ही?"

"रोज सकाळी. जरासाच. अगदी पाव फेरासुद्धा नाही."

"पण का?"

काका खाली बघायला लागले. "तिथून पाण्याचा शिंतोडा उडायचा. फळीच्या फटीतून वर यायचा. हिच्या चपला भिजायच्या." त्यांनी हनुवटीने काकूंकडे दाखवलं. "एकदा ही म्हणाली होती, पाय गार पडतात म्हणून. मग मी रोज येऊन आवळायचो."

काकूंनी डोळे मोठे केले. "अहो, मी ते एकदाच म्हणाले होते! तेही किती वर्षांपूर्वी!"

"मला काय माहीत, पुन्हा म्हणशील."

"आणि माझ्या चपलांपायी तुम्ही नदीच्या मधोमध चाकाशी कुस्ती खेळत होता? मला सांगितलं असतं तर मी पलीकडच्या बाकावर बसले असते!"

"ती तुझी जागा आहे ना पण," काका म्हणाले.

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि लगेच काकांच्या पाठीत एक धपाटा घातला. मिस्त्री वळून उगाचच पाने मोजायला लागला. खरं सांगू, मला राग यायला हवा होता. मान माझी आवळली होती! पण रागवायचं कुणावर? अशा कारणासाठी आवळलेली मान मी पुन्हाही चालवून घेईन. नको, नको. पुन्हा नको. एकदा पुरे.

मिस्त्रीने नट उघडला. आतली दोरी वाळून लाकडासारखी टणक झाली होती, ती उकरून-उकरून काढावी लागली. लेकीने खांब पुसून लख्ख केला. मग मऊ, ग्रीसमध्ये भिजलेली नवी दोरी गुंडाळली. नट लावायची वेळ आली तेव्हा मिस्त्रीने पाना काकांच्या हातात दिला आणि म्हणाला, "इतकाच. याच्या पुढे नाही. एखादा थेंब आला तर येऊ द्या. बोट आहे काका, ती पाण्यातच राहते."

"आणि चपला?" काकांनी विचारलं.

"मी फळीवर रबराचा तुकडा ठोकून देतो हो!" मिस्त्री हात जोडून म्हणाला. सगळ्यांची हसून-हसून पुरेवाट झाली.

सगळे सांधे पुन्हा जोडले. काका काचेच्या खोलीत गेले. त्यांनी एक बोट चाकाच्या आऱ्यावर ठेवलं आणि नुसतं टेकवलं. चाक फिरलं. मागे माझी दोन्ही सुकाणू एकदम, मुकाट्याने, डावीकडे वळली. काकांनी चाक उलट फिरवलं. ती उजवीकडे वळली. काका बराच वेळ तसेच डावी-उजवी करत उभे होते. कुणी त्यांना हटकलं नाही.

रविवारी सकाळी दोन्ही धक्क्यांवर ही गर्दी! आदल्या दिवशी काय झालं ते काकूंनी कुणाला सांगू दिलं नव्हतं. "होऊ दे की गंमत," म्हणाल्या. मास्तर इस्त्रीचे कपडे घालून आले होते. परिचारिकाबाईंनी हातात रुमाल तयार ठेवला होता. आणि सगळ्या रोजच्या प्रवाशांनी मिळून काकांना भेट आणली होती, एक मोठी, गुबगुबीत आरामखुर्ची. आता काका घरी बसणार, तर नीट बसावेत, म्हणून! धोब्याने ती डोक्यावरून आणून मला चढवली. काकांनी खुर्चीला सांगितलं, "हळू, हळू."

मी निघाले. सगळे गंभीर चेहऱ्याने बसले होते. वाळूचं बेट जवळ आलं, आणि काचेच्या खोलीतून गुणगुण ऐकू यायला लागली. सूर वर गेला. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. "अरे, धरा! वळण आलं!" आणि मी वळले. उजवीकडे, मग डावीकडे, अगदी अलगद. मास्तरांच्या टोपीला धक्कासुद्धा लागला नाही.

पण काका तिथेच थांबतात होय! पलीकडचा धक्का समोर आला तरी त्यांनी मला धक्क्याला लावलं नाही. चाक फिरवलं ते फिरवतच राहिले. मी पाण्यावर एक मोठ्ठा गोल घेतला. मग दुसरा, उलट्या बाजूने. अलीकडचे लोक, पलीकडचे लोक, सगळे ओरडायला लागले. पोरं बाकांवर उभी राहिली. मला बांधल्यापासून एवढी मी कधी नाचले नव्हते.

काकूंनी उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "ऐका हो, ही शेवटची फेरी नाही. हात यांचे गेलेच नव्हते. बोटीचं सुकाणू अडलं होतं!"

क्षणभर कुणाला काही कळेना. मग जो काही हलकल्लोळ झाला, तो काय सांगू! परिचारिकाबाईंनी रुमाल खरोखरच भिजवला. मास्तर खिशात हात घालून उभे होते. "अहो, माझ्या भाषणाचं काय करू?"

"ठेवा जपून," काका काचेच्या आतून म्हणाले. "लागेल तेव्हा कळवतो."

"आणि ही खुर्ची?" धोब्याने विचारलं. "परत नेऊ?"

"परत कशाला?" काकू म्हणाल्या. त्यांनी ती आपल्या कोपऱ्यात ओढून घेतली, ऐसपैस बसल्या, पाय समोरच्या बाकावर ठेवले आणि म्हणाल्या, "चला, तिकिटं काढा."

मित्रांनो, मी आजही तीच नदी ओलांडते. दर महिन्याला मिस्त्री येतो, सळया सोडवून माझी सुकाणू हाताने हलवून बघतो, आणि काकांकडून पाना काढून घेतो. मला विचाराल, तर बोटीची एवढी काळजी पुष्कळ झाली. पण तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जे पूर्वी झरझर काम करायचं आणि आता थकतं, अडतं, मागे पडतं, आणि तोंडाने काही बोलत नाही. त्याला म्हातारं म्हणायच्या आधी जरा थांबा. जवळ जा, आणि त्याच्या हातात जे आहे ते एकदा आपल्या हातात घेऊन बघा, किती जड आहे ते.